दया, आधी फेरफार बघ!

2025 च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर 'ॲडोलेसन्स' आली आणि ज्यांनी आयुष्यात हळदीच्या नाचापलीकडे काही शूट केलं नव्हतं, तेसुद्धा 'वन टेक, वन टेक' करत फिरू लागले. चार भाग. प्रत्येक भाग सलग. कॅमेरा एकदा सुरू झाला की थेट शेवटालाच बंद. तेरा वर्षांच्या पोराला पोलीस खुनाच्या आरोपाखाली घरातून उचलतात आणि आपण श्वास रोखून त्यांच्या मागोमाग चालत राहतो. मालिका उत्तमच आहे, वाद नाही. एमी पुरस्कारांची रास उगाच मिळत नाही.

चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी 'टँकर कधी येणार' यापलीकडे साहित्यचर्चा होत नाही. तिथेही एका सभासदांनी रात्री साडेबाराला उसासा टाकला, "आपल्याकडे असं काही कधी होणार?"

झालंय, साहेब. 2004 साली झालंय. तेही आकुर्डीहून लोकलने जाता येईल इतक्या जवळ, लोणावळ्यात. आणि ते एका तासाचं नव्हतं, 111 मिनिटांचं होतं.

मालिकेचं नाव 'सी.आय.डी.'. भागाचं नाव 'द इनहेरिटन्स'. चित्रण 8 ऑक्टोबर 2004, प्रक्षेपण 7 नोव्हेंबर 2004, दिवाळीच्या तोंडावरचा रविवार. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच शॉट. गिनेस आणि लिम्का या दोन्हींच्या विक्रमांत त्याची नोंद झाली. पण ती 'सी.आय.डी.' होती, हिंदी होती आणि घरच्या टीव्हीवर डाळभात खाता खाता दिसत होती. त्यामुळे ती कला ठरली नाही. कला म्हणजे जिच्यासाठी महिन्याचं वेगळं बिल येतं.

हा भाग पुन्हा बघा, अशी या सदराची या आठवड्याची शिफारस आहे. शेवट सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट फोडणाऱ्या माणसाला कोणत्या कलमाखाली आत टाकावं, याचा विचार नव्या न्याय संहितेतही झालेला नाही, ही खंत आहेच.

*

आधी थोडी इभ्रतीची गोष्ट. जागतिक सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडचा जाणकार दोन नावं घेतोच. एक, हिचकॉकचा 1948 चा 'रोप'. त्यात सलगपणाचा आभास आहे. त्या काळी कॅमेऱ्यात एका वेळी दहाएक मिनिटांचंच रीळ मावायचं. मग हिचकॉक कॅमेरा कोणाच्या तरी कोटाच्या पाठीवर नेऊन आदळायचा आणि त्या काळोखात जोड लपवायचा. दुसरं नाव सोकुरोव्हचा 'रशियन आर्क', 2002. हा मात्र अस्सल. सेंट पीटर्सबर्गचा हर्मिटेज राजवाडा, शेकडो नट, झगे, वाद्यवृंद आणि 96 मिनिटांचा एक शॉट.

96 आणि 111. वजाबाकी तुम्हीच करा. तिकडे झारचा राजवाडा होता, इकडे लोणावळा. तिकडे वाद्यवृंद होता, इकडे दारं तोडणारा दया. तरी पंधरा मिनिटं आपली जास्त. यावर एकाही फिल्म सोसायटीने परिसंवाद घेतल्याचं माझ्या कानावर नाही.

आणि हे करणारा माणूस कोणी उडाणटप्पू नव्हता. बी. पी. सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कॅमेरा शिकले, मग मुंबई दूरदर्शनवर वृत्तविभागात कॅमेरामन झाले. बातमीच्या कॅमेरामनला 'पुन्हा एकदा करा' म्हणायची सोय नसते. मंत्र्याने फीत एकदाच कापलेली असते. 'सी.आय.डी.'च्या आधी त्यांनी मराठीत 'एक शून्य शून्य' केली. आज पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल, मुंबई दूरदर्शनवर ती लागली की चाळीतलं ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या उंबऱ्यात चपलांचा ढीग पडायचा. पोलीस नियंत्रण कक्षाचा नंबर 100, त्यावरून ते नाव. आता तातडीचा नंबर 112 झालाय. भाववाढीतून पोलीससुद्धा सुटले नाहीत.

त्या मराठी मालिकेतच शिवाजी साटम होते. मूळचे सेंट्रल बँकेतले कॅशियर. खिडकीपलीकडच्या माणसाकडे चष्म्यावरून बघत, 'ही नोट तुमच्याकडे कुठून आली?' हे न बोलता विचारायचं कौशल्य त्यांनी पुढे एसीपी प्रद्युम्न म्हणून वीस वर्षं वापरलं. 21 जानेवारी 1998 ला 'सी.आय.डी.' सुरू झाली आणि 27 ऑक्टोबर 2018 ला थांबली तेव्हा 1547 भाग झाले होते. त्यानंतर दोन महिन्यांतच बी. पी. सिंगांना त्याच फिल्म इन्स्टिट्यूटचं अध्यक्षपद मिळालं. 'अरे, सी.आय.डी.वाला?' अशी कुजबुज करणाऱ्यांनी 111 मिनिटं सलग काही केलंय का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

*

आता मुद्द्यावर. हा भाग बघायचा कसा?

'सी.आय.डी.'चं नेहमीचं व्याकरण तुम्हाला पाठ आहे. मृतदेह सापडतो. कॅमेरा पथकातल्या एकेकाच्या तोंडावर सपासप झेपावतो, अभिजीतच्या, दयाच्या, फ्रेडरिक्सच्या, आणि प्रत्येक झेपेला ढगांचा गडगडाट. एसीपी हवेत बोटं फिरवतात, गडबडीचं निदान करतात. डॉ. साळुंखे परीक्षानळीत निळं पाणी ओततात, ते लाल होतं आणि खुनी डावखुरा असल्याचं सिद्ध होतं. दार तुटतं. कानाखाली आवाज निघतो. संशयित घडाघडा बोलतो. समाप्त.

यातला निम्मा पराक्रम संकलकाचा असतो. नटाने नुसतं उभं राहायचं, झेप, गडगडाट आणि धक्का संकलक पुरवतो. 'द इनहेरिटन्स'मध्ये संकलक रजेवर. झेप नाही, जोड नाही, 'तेवढं तोडून टाकू' नाही. वाक्य चुकलं तर सावरून घ्यायचं. शिंक आली तर गिळायची. एकशे दहाव्या मिनिटाला कोणाच्या हातून कप पडला, तर पुन्हा पहिल्या मिनिटापासून. दिवा कुठे लपवायचा, माइक धरणारा कोणत्या पडद्यामागे जाईल, पुढच्या खोलीत ज्याचा प्रवेश आहे तो कॅमेऱ्याच्या पाठीमागून वाकून कसा पळेल, हे सगळं आधी ठरलेलं. म्हणजे पडद्यावर जेवढे लोक दिसतात तेवढेच पडद्यामागे पाय न वाजवता धावत असणार. त्यांच्यासाठी वेगळी टाळी.

आणि इथेच पुन्हा बघण्याची गंमत आहे. पहिल्यांदा बघताना आपण बोलणाऱ्याकडे बघतो. एसीपी काय विचारतात, समोरचा काय उत्तर देतो. दुसऱ्यांदा बघताना बोलणाऱ्याकडे अजिबात बघू नका. मागे जो उभा आहे त्याच्याकडे बघा. तुकड्यातुकड्यांच्या चित्रणात मागच्या नटाचं काम झालं की तो खुर्चीत जाऊन चहा पितो. सलग चित्रणात त्याला सुटका नसते. कॅमेरा कधी वळेल सांगता येत नाही, म्हणून त्याला ऐकत राहावं लागतं, घाबरत राहावं लागतं, हाताचं काय करायचं हे ठरवत राहावं लागतं. ज्याला वाक्य नाही त्याचंच तिथे खरं काम असतं.

रहस्यकथेत हे लागू पडतं. वारशाच्या गोष्टीत तर फारच.

*

'इनहेरिटन्स', म्हणजे वारसा. साधारणपणे रहस्यकथेत हेतू शोधण्यात अर्धा वेळ जातो. इथे हेतू शीर्षकातच छापून आलाय. लोणावळ्यात ते प्रकरण 111 मिनिटांत निपटलं. आमच्याकडे चऱ्होलीत या विषयाचे भाग अजून चालू आहेत.

ज्यांना चऱ्होली माहीत नाही त्यांच्यासाठी: इंद्रायणीच्या काठाला, आळंदीच्या अलीकडे, लोहगावच्या विमानांच्या आवाजाखाली. माउलींची पालखी पुण्याकडे निघाली की थोरल्या पादुकांपाशी आमच्या हद्दीतून जाते. वाघेश्वर महाराजांचं देऊळ आमचं. नदीच्या पलीकडचं चऱ्होली खुर्द खेड तालुक्यात आणि अजून ग्रामपंचायतीत, अलीकडचं बुद्रुक 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. त्या दिवसापर्यंत जमीन एकरात मोजत. त्यानंतर गुंठ्यात मोजायला लागले, आणि आता चौरस फुटात. मोजमाप जसजसं लहान झालं तसतसे मोजणारे मोठे झाले. 'गुंठामंत्री' हे खातं राज्याच्या मंत्रिमंडळात नाही, पण आमच्या भागात त्याचे इतके मंत्री आहेत की विरोधी पक्षाला माणसं उरत नाहीत.

समजा आजोबांचे चार एकर. म्हणजे 160 गुंठे. आजोबा गेले. खाली मुलं, मुली, त्यांची मुलं. कोपऱ्यावर 'विमानतळापासून अवघ्या काही मिनिटांवर' असा फलक लागलेला. कोरी गाडी घेऊन बिल्डरचा माणूस येऊन गेलेला, इसार पावतीच्या गप्पा झालेल्या. हेतू आहे, संधी आहे, संशयितांची रांग आहे. 'सी.आय.डी.'ला आणखी काय हवं?

मृतदेह हवा. तोच आमच्याकडे पडत नाही.

कारण आमची माणसं कायदा जाणतात. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956, कलम 25: ज्याचा वारसा मिळवायचा त्याचा खून करणाऱ्याला तो वारसा मिळत नाही. टीव्हीवरचे श्रीमंत पुतणे हे कलम न वाचताच विषाची बाटली घेऊन जिन्यावर येतात, म्हणून रात्री अकराच्या आत पकडले जातात. आमच्याकडचा थोरला भाऊ असा वेडेपणा करत नाही. तो बहिणीला भाऊबीजेला घरी बोलावतो. ताट वाढतो. नवी साडी देतो. आणि मग म्हणतो, "ताई, उद्या जरा तास-दोन तास काम आहे. आधार कार्ड आणलंयस ना?"

खून केला तर हक्क जातो. पुरणपोळी घातली तर हक्क मिळतो. कायद्याने पहिल्यासाठी कलम ठेवलंय, दुसऱ्यासाठी मुद्रांक.

*

त्या मुद्रांकाचंही सांगतो. वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क घरातल्याच माणसाच्या नावे सोडायचा असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क किरकोळ. अनेक वर्षं 200 रुपये होतं, ऑक्टोबर 2024 पासून 500. कोट्यवधीची जमीन एका नावावरून उतरून दुसऱ्या नावावर चढते आणि सरकारला मुद्रांकापोटी मिळतात 500. यापेक्षा जास्त खर्च तिच्या साडीवर झालेला असतो.

आता हे दृश्य जवळून बघा. कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात हे दिसतं.

बाहेर बाकावर घरची सगळी. थोरल्याच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, तोंडात वकिलाच्या कारकुनाचा शब्द न् शब्द. धाकटा फोनवर. बहिणीची साडी नवी, इतकी नवी की घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नाहीत. टोकनचा नंबर पुकारतात. ती खुर्चीत बसते. टेबलावर बोटभर कॅमेरा. "ताई, इकडे बघा." ती भावाकडे बघते. "तिकडे नाही, कॅमेऱ्याकडे." मग अंगठा. यंत्र अंगठा घेत नाही. आयुष्यभर भांडी, शेण, खुरपं, बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्रापाशी बसलेला मुलगा तिचा अंगठा फडक्याने पुसतो, पुन्हा दाबायला लावतो. "जोरात दाबा." तिसऱ्या खेपेला यंत्र पाघळतं. "वाचलंय ना सगळं? मान्य आहे ना?" मागून भाऊ म्हणतो, "हो हो, वाचलंय."

झालं. दस्त गोषवाऱ्याच्या पानावर तिचा फोटो येतो, टपाल तिकिटाएवढा. शेजारी अंगठ्याचा ठसा. वर 'लिहून देणार'. भावाचा फोटो 'लिहून घेणार'. बाहेर आल्यावर वडापाव.

सरकारी कॅमेऱ्याने टिपला तो एक क्षण. त्याच्या आधीचं काहीच त्यात नाही. रात्री माजघरात वहिनीने काय ऐकवलं ते नाही. 'हिस्सा मागणारीला माहेर नसतं' हे सहज बोलल्यासारखं कोण बोललं ते नाही. मामांनी 'मी मध्ये पडत नाही' म्हणत कोणाची बाजू घेतली ते नाही. सगळा गुन्हा कॅमेरा सुरू व्हायच्या आधी उरकलेला. इथे दयाने तोडायचं तरी कोणतं दार? दार उघडंच होतं. आत सगळे मिळून जेवत होते.

म्हणून म्हणतो, 111 मिनिटं न थांबणारा कॅमेरा ही चैन नव्हे. वारशाच्या गोष्टीत जिला वाक्य दिलेलं नाही, तिच्याकडे बघायची ती सक्ती आहे.

*

"पण कायदा तर मुलींच्या बाजूने आहे!" असं म्हणणारे एक काका देवळाच्या पारावर नेहमी असतात. आहेच, काका. महाराष्ट्र यात पुढेच होता. 22 जून 1994 पासून राज्याने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जन्मतः वाटा दिला. त्यात एक पाचर मारून ठेवली: आधी लग्न झालेल्या मुली सोडून. केंद्राला जाग यायला 9 सप्टेंबर 2005 उजाडला. मग 'बाप तेव्हा जिवंत होता की नव्हता' यावर न्यायालयांत पंधरा वर्षं काथ्याकूट. शेवटी 11 ऑगस्ट 2020 ला, विनिता शर्मा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने मिळतो, बाप कधी गेला याच्याशी त्याचा संबंध नाही.

म्हणजे 'द इनहेरिटन्स' प्रसारित झाला तेव्हा राज्याचा कायदा दहा वर्षांचा होता, आणि देशाचा कायदा अजून यायचा होता. एसीपींनी मध्ये पडून संशयितांची यादी केली असती तर त्यांना प्रश्न पडला असता: हिला हिस्साच नसेल तर हिला हेतू कसला? गरिबाला निर्दोष ठरवायची कायद्याची ही जुनी रीत आहे. आधी काही द्यायचंच नाही, म्हणजे संशय घ्यायला जागा राहत नाही.

पारावरचे काका म्हणतात, "अहो, बहिणी स्वखुशीने सोडतात."

असतीलही. माझा एवढाच प्रश्न आहे की ही स्वखुशी कायम एकाच बाजूने का येते? भावाने बहिणीच्या नावे स्वखुशीने हक्कसोड केल्याचा दस्त दाखवा, पुढच्या आठवड्याचं सदर त्याच्या सत्काराला.

*

पहिला संशयित भाऊ झाला. दुसरा संशयित: सातबारा स्वतः.

जुन्या उताऱ्यांवर तीन अक्षरं असतात, ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. पाच भावंडांची जमीन, पण उताऱ्यावर थोरल्याचं एकट्याचं नाव आणि पुढे ही तीन अक्षरं. बाकीचे चौघे त्या टिंबांमध्ये राहतात. एखाद्या फेरफारात टिंबं गळाली, अक्षरं गळाली, की मॅनेजरचा मालक होतो. ना रक्त, ना ठसे. साळुंख्यांच्या प्रयोगशाळेत पाठवायला काही शिल्लकच राहत नाही. डॉक्टरसाहेब, निळं पाणी जपून ठेवा, इथे शाईचं काम आहे.

बरं, कायद्याप्रमाणे माणूस गेला की तीन महिन्यांत वारसांनी कळवायचं, महसूल संहितेचं कलम 149. मग तलाठ्याने नोंद घ्यायची, नोटीस काढायची, हरकत नसेल तर मंजूर. किती सोपं. प्रत्यक्षात आमच्या भागात असे खातेदार निघतात की जे शेवटचे आळंदीच्या वारीत एसटीने गेले आणि गावात वीज यायच्या आत वारले, पण उताऱ्यावर मात्र ठणठणीत. शेवटी सरकारलाच मोहीम काढावी लागली. 2025 च्या एप्रिलमध्ये ती राज्यभर सुरू झाली. नाव काय, तर 'जिवंत सातबारा'. मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावायची.

योगायोग बघा. त्याच एप्रिलमध्ये, पुन्हा सुरू झालेल्या 'सी.आय.डी.'त, वाहिनीने एसीपी प्रद्युम्न यांना मारलं. रीतसर श्रद्धांजली दिली, खाली 1998 ते 2025 असे आकडे टाकले. प्रेक्षक हळहळले, चिडले. थोड्याच दिवसांत साहेब परत. जिवंत. बोटं तशीच हवेत.

चऱ्होलीत कोणाला नवल वाटलं नाही. ज्या गावात मेलेला माणूस उताऱ्यावर पन्नास वर्षं जमीन धारण करतो, तिथे एसीपी काही आठवड्यांत परतले यात कसलं कौतुक! उलट एकाने विचारलं, "त्यांची वारस नोंद तर झाली नव्हती ना तेवढ्यात? नाहीतर आता हेलपाटे आले." खरा गेला तो फ्रेडरिक्स. म्हणजे ती भूमिका करणारे दिनेश फडणीस, 5 डिसेंबर 2023. त्यांना कोणत्याही कथाकाराला परत आणता येणार नाही, म्हणून जुने भाग बघायचे. 'द इनहेरिटन्स' बघताना एवढं लक्षात ठेवा की गंभीर दृश्यात विनोदी माणसाला सलग उभं राहणं सगळ्यात जड जातं.

*

आता खऱ्या पोलिसांकडे वळू. राज्याच्या खऱ्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यातच आहे, पाषाण रस्त्याला. तिथे दारं तोडत नाहीत, कागद तपासतात. टीव्हीवर त्याचं चित्रण केलं तर पहिल्याच भागाला प्रेक्षक दार तोडून पळतील.

पण 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तिच्या कलम 105 ने एक गंमत केली. झडती आणि जप्ती, यादी करणं, पंचांच्या सह्या, सगळ्याचं ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक. मोबाइलवर केलं तरी चालेल. शिवाय याच संहितेप्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर यायचं. म्हणजे बी. पी. सिंगांनी 2004 साली हौस म्हणून केलं, ते वीस वर्षांनी हवालदाराच्या गळ्यात पडलं. त्यासाठी 'ई-साक्ष्य' नावाचं ॲप आहे, त्यात एक चित्रफीत साधारण चार मिनिटांची. सलग 111 मिनिटांचा विक्रम सध्या तरी सुरक्षित आहे.

चेष्टा बाजूला. ही तरतूद चांगलीच आहे. पंच म्हणून नेमका चौकीसमोरचा पानवालाच कसा सापडतो, या जुन्या रहस्यावर थोडा प्रकाश पडेल. माझी मागणी एवढीच आहे की झडतीचं मुद्रण करता, तसं हक्कसोडीच्या आदल्या रात्रीचंही करा. चार मिनिटं पुरतील. पहिल्या मिनिटाला पुरणपोळी, दुसऱ्याला आईचं आजारपण, तिसऱ्याला 'तुझ्या लग्नाला किती खर्च आला', चौथ्याला आधार कार्ड.

आणि वारशाचं रहस्य फक्त शेतकऱ्याच्या घरात असतं असं समजू नका. 'द इनहेरिटन्स'च्या चित्रणानंतर पाचच दिवसांनी, 13 ऑक्टोबर 2004 ला, राज्यात विधानसभेचं मतदान झालं. निकाल 16 तारखेला. नवा मुख्यमंत्री कोण, हे ठरून शपथ व्हायला 1 नोव्हेंबर उजाडला. दोन आठवडे राज्यभर एकच चर्चा: गादी कोणाला? तिथेही बोलणारे कॅमेऱ्यासमोर होते आणि ठरवणारे मागच्या खोलीत. त्या खोलीत सलग चित्रण करायची परवानगी बी. पी. सिंगांना कोणी दिली असती, तर भारतीय टेलिव्हिजनचा इतिहास वेगळा झाला असता. राज्याचाही.

*

तर बघायचं कसं, हे थोडक्यात.

हा भाग एकट्याने बघू नका. येत्या दिवाळीत बहीण माहेरी आली की सगळ्यांनी एकत्र बसून बघा. चहा आधी करून ठेवा. मध्ये थांबवायचं नाही, त्यामुळे 'ताई, जरा गॅस बघतेस का' म्हणून तिला उठवायचं नाही. 111 मिनिटं ती कॅमेऱ्यासारखी जागेवर बसून राहील. माहेरी असं बसायला मिळण्याचा बहुधा तिचाही विक्रमच होईल.

एसीपींची बोटं हवेत फिरली की पोरं हसतील, हसू द्या. तुम्ही मागच्या माणसाकडे बघा. पडद्यावरच्याही आणि सोफ्यावरच्याही.

शेवटी खुनी सापडेल. तो सापडतोच, त्याची काळजी एसीपी घेतात. मग टीव्ही बंद करा आणि मोबाइलवर महाभूमीच्या संकेतस्थळावर जा. 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो. गट नंबर टाका. नावं मोठ्याने वाचा. तिचं नाव आहे का ते बघा.

नसेल, तर ही गडबड शोधायला मुंबईहून गाडी येणार नाही. तलाठी कार्यालय सोमवारी उघडतं. जाताना तिला सोबत न्या, आणि या खेपेला आधार कार्ड तुमचं घ्या.